तारकागुच्छातला एखादा तारा खरोखर तरुण आहे, हे वर्णपटावरून कसं ओळखायचं?

आधी ६७०८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची लिथियमची शोषणरेषा (वर्णपटातली काळी रेघ) पाहा. के किंवा एम प्रकारच्या (सूर्यापेक्षा थंड, नारिंगी-लालसर) ताऱ्यात ती ठळक असेल, तर तारा जवळजवळ नक्की तरुण. अशा ताऱ्यांच्या आतला वायू सतत खालीवर घुसळत असतो, आणि खोलवर तापमान साधारण २५ लाख केल्विनच्या पुढे गेलं की लिथियम जळून संपतं. उष्ण ताऱ्यांना ही कसोटी लागू नाही. एच-आल्फाची, म्हणजे हायड्रोजनची (६५६३ अँगस्ट्रॉम) रुंद, पायथ्याशी पसरलेली उत्सर्जनरेषा (तेजस्वी रेघ) दिसली, तर ताऱ्याभोवतीच्या चकतीतला वायू अजून ताऱ्यावर पडतोय, म्हणजे तारा तरुण. मात्र तेजोमेघात बुडालेल्या गुच्छात एकट्या एच-आल्फावर भिस्त ठेवू नका: मेघाची अरुंद रेषा त्यातच मिसळते, आणि फायबरने (प्रकाशतंतूने) घेतलेल्या वर्णपटातून ती नीट वजा होत नाही, कारण वजा करायला घेतलेला आकाशाचा नमुना दुसऱ्याच जागेचा असतो.