पाचवा लागलाय की चार झालेत?

प्रश्न असा आहे: '४ महिने, ३ आठवडे आणि २ दिवस' या रुमानियन चित्रपटावर (२००७ च्या कान महोत्सवातला 'पाम द'ओर' विजेता) मराठीत लिहिताना त्यातल्या गरोदर गबित्साला 'चौथा महिना' म्हणायचं की 'पाचवा'? आणि शब्द 'गर्भपात' वापरायचा की 'गर्भस्राव'?

पाचवाच. आपल्याकडे चालू महिना सांगतात. "कितवा?" असं विचारलं की "पाचवा लागलाय" एवढंच उत्तर येतं, 'महिना' म्हणावंही लागत नाही. चार पुरे होऊन वर तेवीस दिवस गेले, म्हणजे पाचवा लागून सरतही आला. 'चार महिन्यांची गरोदर' हे वर्तमानपत्री मराठी. 'चौथा सरला' म्हणा हवं तर. चित्रपटाच्या नावात मात्र ढवळाढवळ नको. 'पाचवा महिना' असं केलंत तर दिवसांपर्यंतचा तो हिशेबच जाईल, आणि त्या हिशेबावर तर सगळं अडलेलं आहे.

काळ १९८७ चा, रुमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीतला. १९६६ च्या फर्मान क्रमांक ७७० ने मोजके अपवाद सोडून गर्भपातावर बंदी आणलेली. पुढच्याच वर्षी जन्मांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली आणि त्या पिढीला तिकडे 'फर्मानी पोरं' अशा अर्थाचं नावच पडलं. (दिग्दर्शक क्रिस्तियन मुंजिऊचा जन्म १९६८ चा, म्हणजे तोही त्यातलाच.) हॉटेलच्या खोलीत चोरून गर्भपात करून देणारा बेबे गबित्साला खोदून खोदून विचारतो. ती आधी कमी सांगते, मग आकडा चढत जातो. चौथा उलटला की खुनाचं कलम लागतं, असं तो बजावतो. आणि या धाकावर तिच्याकडून व तिची मैत्रीण ओतिलियाकडून जे वसूल करतो, ते पैशांत नसतं.

आता दुसरा शब्द. योगायोग असा की सुश्रुतसंहितेतही सीमा चौथ्या महिन्याचीच आहे: तोवर 'स्राव', पाचव्या-सहाव्यात 'पात', कारण तेव्हा गर्भाचं शरीर स्थिर झालेलं असतं. पराशरस्मृतीत सुतकाच्या संदर्भात हाच भेद आहे. तेव्हा जुन्या काटेकोर अर्थानेही इथे 'गर्भपात'च.

आजच्या मराठीत खरा अर्थ क्रियापद ठरवतं. 'गर्भपात झाला' म्हटलं की आपोआप झाला, 'करवून घेतला' म्हटलं की ठरवून. समीक्षेत हे सांभाळाच. बोलीत 'पोट पाडणं' आहे. पण संवादांचा अनुवाद करत असाल तर 'पोट पाडणं' बेबेच्या तोंडी घालू नका. तो मुरलेल्या कंपाउंडरसारखा, आवाज न चढवता, एकेक सूचना देत जातो. त्याला 'गर्भपात'च शोभेल, तोही कमीत कमी वेळा.