शाळा म्हणते गोळी सुरू करा, सासरचे म्हणतात करू नका. आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडीची गोळी द्यावी का?

ताई, मुलगा तिसरीत आहे, डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, तो आजार) सांगितलंय, बाई म्हणतात गोळी देऊनच शाळेत पाठवा, आणि सासूबाई नि दीर म्हणतात गोळीनं पोरगं मंद होईल, सवय लागेल. एवढंच तुम्ही लिहिलंय. खाली लोकांनी ब्राह्मी, शंखपुष्पी, मोबाईल बंद करा, साखर बंद करा असं सगळं लिहून झालंय. म्हटलं आपणही लिहावं, कारण या गोळीच्या बाबतीत मी जे केलंय ते करू नका हे सांगणारा दुसरा कुणी भेटणार नाही तुम्हाला.

मी कराडला औषधाचं दुकान चालवतो. २७ वर्षं झाली. घर दुकानाच्या वरच. धाकटा मुलगा २०१२ साली तिसरीत होता. अंगात वारं भरल्यासारखा. वर्गात ६४ पोरं, त्यात हा बाकावर कमी आणि बाकाखाली जास्त. वहीच्या पहिल्या तीन ओळी मोत्यासारख्या, चौथ्या ओळीपासून अक्षरं उताराला लागायची, आणि सहावीनंतर पान कोरं. डायरीत रोज लाल शेरा. सही करून करून बायकोचा हात दुखायचा आणि ऐकूनही तीच घ्यायची, कारण पोरगं वांड निघालं की आईनं लाडावलं असतं. बापानं लाडावलं असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

डॉक्टरकडे नेलं तेही तिनंच, कोल्हापूरला. लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ. मी नको म्हणत होतो. स्वतः औषधं विकतो, पण 'सायकॅट्रिस्ट' म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांसमोर येरवडाच आलं, खोटं कशाला सांगू. तीन खेपा झाल्या. कान तपासले, डोळे तपासले, आम्हाला फॉर्म, बाईंना फॉर्म. मग मेथिलफेनिडेट, १० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, सकाळी शाळेत जाताना.

आता हे औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे सगळ्यात कडक नियमांच्या औषधांच्या यादीतलं. माझ्या दुकानाला ते ठेवायचं लायसन नाही, ते वेगळं काढावं लागतं, आणि इतक्या कमी खपासाठी कपाटाला कुलूप लावून रजिस्टर कोण सांभाळणार. म्हणजे स्वतःचं मेडिकल असून मी कोल्हापूरला दुसऱ्याच्या काउंटरवर रांगेत उभा. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, दोन वर्षं जपतो. पहिल्यांदा मी एकच प्रत घेऊन गेलो आणि त्यानं मला परत पाठवलं. मीही तेच केलं असतं.

पहिली गोळी रविवारी दिली, मुद्दाम, डोळ्यांसमोर असावा म्हणून. सकाळी नऊला. दुकानाच्या मागच्या बाजूला एक्स्पायरीच्या मालाचा खोका असतो, कंपनीला परत पाठवायचा. तो घेऊन बसला. एकेक स्ट्रिप उलटी करून तारीख वाचायची, महिन्याप्रमाणे ढीग लावायचा. पाऊण तास. मी काउंटरवरून मान वळवून वळवून बघत होतो. पाऊण तास तो तोवर फक्त झोपेत एका जागी राहिलेला. मग पुढं आला नि म्हणाला, "बाबा, आज तुम्ही मला एकदाच हाक मारली."

नेमका त्याच दिवशी आमचा दादा आला. माझा थोरला भाऊ, हायस्कूलला मुख्याध्यापक होता, तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यानं पोराला बघितलं आणि म्हणाला, "काय दिलंयस याला? झिंगल्यासारखा दिसतोय." पोरगं जेवायलाही नको म्हणालं (भूक मरते, हे या औषधाचं खरंच आहे). मग दादाची गाडी सुरू झाली. हे सगळं अमेरिकेचं नवं खूळ आहे. कंपन्यांना माल खपवायचाय. आपल्या वेळी कुठं होतं हे? तीस वर्षं शाळेत घालवली, दोन फटक्यांत सरळ न झालेलं पोरगं दाखव मला. आणि शेवटी, "तू शिकलेला फार्मासिस्ट, अफूच्या कायद्यातलं औषध पोटच्या पोराला देतोस?"

हे वाक्य लागलं. कारण ते कागदावर खरं आहे, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत हे औषध आहे. दुपारी एकच्या सुमाराला पोरगं पुन्हा काउंटरवरून उड्या मारत होतं, औषध तीन-चार तासांत उतरतं, तेव्हा दादा घरी गेला होता.

तीन-चार आठवडे गोळी दिली. शेरे कमी झाले. पण वजन किलोभर उतरलं आणि दादाचा फोन दर रविवारी. बायको पतसंस्थेत कारकून, साडेनऊला निघायची, त्यामुळं गोळी द्यायचं काम माझ्याकडं. जुलैच्या मध्याला मी गोळी बदलली. पांढऱ्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी काढून ठेवायची आणि झिंकची अर्धी गोळी त्याच्या हातावर. बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही. दर महिन्याला कोल्हापूरला मीच एकटा जायचो, "ठीक चाललंय" म्हणायचो, चिठ्ठी घ्यायचो, पैसे भरून गोळ्या आणायचो आणि ड्रॉवरमध्ये टाकायचो.

पोरगं दुसऱ्याच दिवशी म्हणालं, "बाबा, ही गोळी गोड का लागते?"

"कंपनी बदलली," मी म्हणालो. "आतलं औषध तेच आहे."

हे वाक्य मी गिऱ्हाइकाला दिवसातून दहादा सांगतो आणि दहाही वेळा खरं सांगतो.

सप्टेंबरात त्याला शाळेत पहिलीच्या वर्गात नेऊन बसवलं, अख्खा दिवस, मांडी घालून, छोट्या पोरांसमोर. का, तर शेजारच्याची पट्टी मोडली. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलांना मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे, २००९चा कायदा, पण आम्हाला तेव्हा तो माहीतही नव्हता आणि माहीत असता तरी मी गेलो नसतो, दादा त्याच संस्थेत होता. सहामाहीत गणितात ११ मार्क.

दिवाळीच्या सुट्टीत तिघं मिळून कोल्हापूरला गेलो. डॉक्टरांनी वही बघितली, मार्क बघितले, माझ्याकडं बघितलं. मग पोराला विचारलं, "गोळी रोज घेतोस ना रे?" पोरगं म्हणालं, "हो. रोज खातो. तरी मी सुधरत नाही."

ताई, मी तिथं गप्प बसलो. डॉक्टरांनी डोस वाढवून लिहिला, अर्धीची एक केली, आणि मी दोन्ही प्रती घडी घालून खिशात ठेवल्या. परतीच्या एसटीत पेठ नाका आला तेव्हा पोरगं खिडकीला डोकं लावून झोपलं होतं, तेव्हा बायकोला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "किती उरल्यात?" मी म्हणालो, ४२. ती म्हणाली, "म्हणजे ८४ दिवस." पतसंस्थेतली बाई, हिशोबाला वेळ लागत नाही. कराड येईपर्यंत पुढं काही बोलली नाही.

आता तुमच्या दिरांकडं येतो. म्हणजे दादाकडंच येतो, पण तुम्ही दिरांना वाचून दाखवा.

नवं खूळ म्हणाल तर हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला सिबा कंपनीतल्या लिआंड्रो पॅनिझॉन नावाच्या केमिस्टनं बनवलं. बायकोचं लाडाचं नाव रीटा, म्हणून औषधाचं नाव रिटालिन. १९५४ला बाजारात आलं. दादाचा जन्म १९५६चा. म्हणजे औषध त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरलं आहे, त्यानं खरं तर त्याला नमस्कार करायला हवा.

आपल्या वेळी नव्हतं म्हणाल तर आमचा तात्याकाका आठवा. सातवीत शाळा सोडली, किराणा टाकला, बंद केला, सायकलचं दुकान टाकलं, बंद केलं, खोलीत चार रेडिओ उघडून ठेवलेले, एकही परत बंद झाला नाही. डोकं असं की घड्याळाचा आवाज ऐकून काय बिघडलंय सांगायचा. घरात सगळे त्याला 'पायाला भिंगरी' म्हणायचे, आजोबांनी वेताच्या छडीनं फोडलेला. आजार होताच, नुसती पाटी वेगळी होती. आणि हे रक्तातून चांगलंच उतरतं. दादाला हे मी तोंडावर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तात्याला उगाच मध्ये आणू नकोस. का नको? त्याला दोन फटके नाही, दोनशे बसले होते. झाला का सरळ?

सवय लागते म्हणाल तर हे वाक्य बोलताना दादा तळहातावर तंबाखू मळत होता. या औषधाचा गैरवापर होतो, कॉलेजची पोरं रात्रभर जागून अभ्यास करायला मागायला येतात, म्हणून तर त्याच्यावर कुलूप आहे. पण डॉक्टरनं ठरवलेल्या मात्रेत, पोटातून घेतलेली गोळी ही वेगळी गोष्ट आहे. याच घरांतून जायफळ उगाळून बाळाला झोपवतात, त्याची मात्रा कुणी मोजली नाही. आणि फेब्रुवारी उजाडला की दहावी-बारावीच्या तोंडावर स्मरणशक्तीची सिरपं माझ्याकडून खोक्यानं जातात. त्यात काय आहे हे आजवर एकाही पालकानं बाटली फिरवून वाचलेलं नाही.

मंद होण्याचं तेवढं ऐकून घ्या. पोरगं शांत झालं की आपल्याला मंद वाटतं, कारण सवय नसते. मला तसंच वाटलं होतं. पण खरोखर चेहरा उतरला, हसणं गेलं, दिवसभर गुमसुम राहिलं, तर डोस जास्त होतोय, डॉक्टरांना फोन करायचा, ते कमी करतात किंवा बदलतात. गुपचूप झिंक द्यायचं नाही.

शाळेला मात्र स्पष्ट सांगा की गोळी द्यायची का हे ठरवणं त्यांचं काम नाही. बाईंनी निरीक्षण लिहून द्यावं, पुढच्या बाकावर बसवावं, एका वेळी एकच सूचना द्यावी, फळा पुसायला, हजेरी पोचवायला त्यालाच उठवावं. दाखला काढून न्या म्हणाले तर आठवीपर्यंत कुणालाही काढता येत नाही, त्याच आरटीई कायद्याचं कलम १६. गोळी पोराला नीट जगता यावं म्हणून आहे, ६४ पोरांचा वर्ग एका बाईला सोपा जावा म्हणून नाही. हे मी बाईंच्या बाजूनं पण म्हणतोय, ६४ पोरं सांभाळणाऱ्याला कुठली गोळी नाही.

आणि लिहिणं-वाचणंही मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी करून घ्या, दोन्ही एकत्र असू शकतं. २०१६च्या अपंगत्व कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, एडीएचडीचं नाव त्यात नाही. पुढं दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती त्या प्रमाणपत्रावर मिळतात. आम्हाला हे सातवीत कळलं.

आता राहिलेलं. प्रत्येक पोराला गोळी लागतेच असं नाही, सहा वर्षांखालच्यांना तर आधी आईबापांचंच शिक्षण. मुलाला किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. उंची, वजन, बीपी, नाडी ठरावीक दिवसांनी मोजा, सकाळी गोळीआधी पोटभर खायला घाला, संध्याकाळी भूक परत येते तेव्हा दोन पोळ्या जास्त. दुपारी उशिरा दिली तर रात्री झोप येत नाही. काहींना हे सोसत नाही, त्यांना ॲटोमॉक्सेटीन नावाचं दुसरं औषध देतात, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आणि नुसत्या गोळीवर भागत नाही. आमच्याकडं वहीचं एक पान, मग खाली जाऊन दोन स्ट्रिपा शोधून आणायच्या, मग दुसरं पान, असं चार वर्षं चाललं. मी डॉक्टर नाही, दुकानदार आहे, तेव्हा माझ्यावर जाऊ नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण विचारा म्हणजे विचारा, दिरांना नको.

मुलाचं विचाराल तर दहावीला ५४ टक्के. आयटीआयला इलेक्ट्रिशियन केला. आता बावीसचा आहे, पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. गोळी आयटीआयला असताना डॉक्टरांशी बोलून बंद केली. त्याला ८४ दिवसांचं मी दहावीनंतर सांगितलं. "तरीच गोड होती," एवढंच म्हणाला. दादाला दोन्ही गोष्टी माहीत आहेत आणि त्याचं म्हणणं आहे की पोरगं असंही मार्गाला लागलंच असतं.

त्या दिवाळीनंतर गोळी द्यायचं काम बायकोनं स्वतःकडं घेतलं, पतसंस्थेत रोज अर्धा तास उशिरा जायची परवानगी काढून. आज मी तिला साधी डोकेदुखीची गोळी दिली तरी ती आधी स्ट्रिप उलटी करून नाव वाचते, मग पाणी मागते.