शिवणकट्टा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, सेलूहून लिहायलेय. मशीन घेऊन दोन वर्षं झाली, स्वतःचे कुर्ते शिवते पण हात वर केला की कुर्ता काखेत ओढतोच. दुसरं म्हणजे मागच्या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी १५ फ्रॉक आणि तान्ह्या बाळांसाठी १० झबली शिवून दिली. नंतर कळलं की झबल्यातून डोकंच जाईना आणि फ्रॉक तर कुणी घातलेच नाहीत, लई वाईट वाटलं. यंदा परत शिवायचंय. काय चुकलं सांगा ना.

उत्तर : ताई, आधी झबल्याचं बघू, कारण ही चूक खूप जणी करतात. आपण मापं घेतो ती छातीची, पण नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं, डोक्याचा घेर साधारण १४ इंच आणि छाती १३ च्या आसपास, म्हणून बंद गळ्याचं झबलं डोक्यातून जायला त्रास होतोच. आपल्या आज्या पुढून उघडं आणि बंदाचं (बांधायच्या नाड्यांचं) झबलं शिवायच्या ते याच्यासाठीच. झबल्याचा घेर १८ इंच ठेवा, सुती कापडाचे बंद लावा, बटण अजिबात नको (तुटलं की बाळाच्या तोंडात जातं), आणि शिवण बाहेरच्या बाजूला घ्या, कातडी इतकी नाजूक असते की आतली टीपसुद्धा टोचते. कापड म्हणाल तर धुवून धुवून मऊ झालेली सुती साडी, नव्या कापडापेक्षा केव्हाही बरी. नवं घेतलंच तर कापायच्या आधी भिजवून वाळवा, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.

आता फ्रॉक. तुम्ही लिहिलं नाही पण मला वाटतं कापड सिंथेटिक असणार, नाहीतर बिनबाह्यांचे असतील. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, पुढचे महिने कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) काढायचे, पहाटे अंधारात फडाकडे निघायचं, लेकरू सोबतच. तिथं झालरीचा फ्रॉक काय कामाचा? पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा आणि नाडीची चड्डी किंवा पायजमा शिवा, इलॅस्टिक ढिलं पडलं की तिथं कोण बदलून देणार, नाडी मात्र कुठलीही चालते. दुमड दोन इंच ठेवा, पुढच्या वर्षी उसवून लांबी वाढवता येते. एक खिसा नक्की लावा, लेकरांना खिसा लई आवडतो. आणि शिवायच्या आधी त्या बायांना जाऊन विचारा की काय पाहिजे, मला तर वाटतं हेच राहून गेलं असेल. बऱ्याचदा त्या म्हणतील कपडे नको, वाकळ द्या. मग तीच द्या, चार-पाच जुन्या साड्यांचे थर, वर घट्ट विणीचं कापड, आणि धावदोरा बोटभर अंतरावर, त्याहून लांब टाका घेतला तर धुताना आतले थर सरकून गोळा होतात. फक्त टोळी निघायच्या आधी हातात पडली पाहिजे, संक्रांतीला तयार झाली तर थंडी त्यांनी तशीच काढलेली असते.

स्वतःला घालावं वाटणार नाही असं कापड दुसऱ्याच्या लेकरासाठी वापरू नका, हे मी प्रत्येकीला सांगते आणि सांगत राहणार. फाटकं-विरलेलं असेल तर सरळ पुसायला काढा.

कुर्त्याचं थोडक्यात सांगते. ओढतो म्हणून आपण मुंढा (बाही जोडायचा गोलवा) आणखी खोल कापतो आणि तिथंच फसतो, मुंढा जितका खाली तितका हात वर नेताना सगळा कुर्ता सोबत उचलला जातो. मुंढा काखेजवळ ठेवा, पुढचा भाग मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त कोरा, आणि बाही लावताना पुढची बाजू पुढंच येते का बघा, दोन्ही बाह्यांवर खडूने खूण केली की उलटं लागत नाही. जुन्या चादरीवर एकदा कापून बघा, मग चांगलं कापड घ्या.

प्रश्न : मशीनवर खाली दोऱ्याचे गोळे होतात. बॉबिन बदलली, तरी तेच. (एक वाचक, उदगीर)

उत्तर : गोळे खाली दिसतात पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलून दोरा पहिल्यापासून परत ओवा, पाय खाली असताना ओवला तर दोरा टेंशनच्या (दोऱ्याचा ताण धरणाऱ्या) चकत्यांत नीट बसत नाही. मग सुई बदला, साध्या सुती कापडाला १४ नंबर, पातळला ११, जीन्ससारख्या जाडला १६. शटलमध्ये (बॉबिन बसते तिथं) कापसाचा भुगा साचलेला असतो तो ब्रशनं काढा, एक थेंब तेल सोडा आणि चिंधीवर दोनचार टिपा मारून बघा, नाहीतर ते तेल नव्या ब्लाउजवर उतरायचं.