प्रश्न तुमचे: ऐंशी पानांचा रिपोर्ट गावाला कसा दाखवायचा?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली चारपाच मुलं आहोत. गोचीड चावल्याने होणाऱ्या माकडतापावरचा एक रिसर्च रिपोर्ट मिळालाय, ८० पानं, नुसती टेबलं. काजूच्या बागायतीत काम करणाऱ्यांसाठी त्याची रंगीत मराठी पुस्तिका करतोय. आयकॉन घातले, पाय चार्ट घातले, तरी बघणाऱ्याला काहीच कळत नाही. काय करावं?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: आधी ते सगळे आयकॉन काढून टाका. काजूचे बोंडू वेचायला जाणाऱ्या बाईला धोका कधी, कुठे आणि तिने करायचं काय एवढंच हवंय, बाकी सगळं शेवटच्या पानांत गेलं तरी चालेल. हा रोग १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, गोव्यात २०१५ मध्ये सत्तरीत आला, हे दोन ओळीत उरका.

तुमचं मुख्य चित्र म्हणजे बारा महिन्यांची एकच आडवी पट्टी, मधल्या दोन पानांवर पसरलेली. वर काजूचा सीझन, खाली पेशंट. हा ताप साधारण डिसेंबर ते मे या काळात येतो आणि काजूही त्यातच पिकतो, एकाखाली एक ठेवलं की समजावून सांगावंच लागत नाही, पाय चार्टमध्ये हे कसं दिसणार? गोचीड मोठी काढाच पण शेजारी तिचा खरा साईझ दाखवा, कारण माणसाला बहुतेकदा चावते ती पिल्लावस्थेतली, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि नुसतं मोठं चित्र दिलं तर लोक गुरांवरची टपोरी गोचीडच शोधत बसतील.

‘रिस्क दुप्पट’ असं ठळक छापू नका हं. हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पट आणि शंभरात वीसाचे चाळीस झाले तरी दुप्पटच. किती जणांमागे किती, ते माणसं काढून दाखवा.

नकाशाचं जरा जपून. जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ च्या लंडनच्या कॉलऱ्यात घराघरापुढे मृत्यू मांडले आणि पाण्याच्या पंपावर संशय पक्का झाला, पण तुमच्या दहा घरांच्या वाड्यावर एक ठिपका टाकलात की पेशंट कोण ते अख्ख्या गावाला कळणार. पंचायतीपुरताच रंग भरा, आणि लाल-हिरवी जोडी नको, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही.

अक्षर १४ पॉईंट, मुक्तासारखा फुकट मिळणारा फॉन्ट चालेल, ओळींत अंतर मोकळं सोडा नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. मागच्या कव्हरवर फक्त एकच गोष्ट: मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा, आणि नंबर भला मोठा.

छापायच्या आधी दोन प्रिंट काढून बागायतीत न्या, काही सांगू नका, पट्टी पुढे करून ‘कधी सांभाळायचं?’ एवढंच विचारा. बोट काजूच्या महिन्यांवर गेलं नाही तर पट्टी परत काढा.