टॉनिक वॉटर इतकं कडू का? सिंकोनाच्या झाडाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी काडेचिराईतावर लिहिलं होतं, वाटलं आता चिराईताचीच पत्रं येतील, पण आली ती सगळी दुसऱ्याच कडू गोष्टीवर. बरं झालं, सिंकोना हा माझा कॉलेजपासूनचा आवडता विषय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मुलाच्या वाढदिवसाला मित्रांनी आणलेल्या बाटल्यांमधली एक मी सोडा समजून सरळ लिंबू सरबतात ओतली. पाहुण्यांनी पहिला घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं कच्चं कारलं चावल्यासारखी. मग बाटली नीट बघितली तर टॉनिक वॉटर, आणि खाली बारीक अक्षरात क्विनाईन. हे मलेरियाचंच ना? पाहुण्यांना काही होणार नाही ना? आणि रोज प्यायलं तर मलेरिया टळतो असं मुलगा म्हणतो, ते खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पाहुण्यांचं टेन्शन घेऊ नका, एखाद्या ग्लासाने धडधाकट माणसाला काही होत नाही (कोणी घेऊ नये ते पुढच्या एका उत्तरात आहे). आणि हो, हे मलेरियाचंच क्विनाईन, दुसरं तिसरं काही नाही. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून काढतात. आजसुद्धा सालीतूनच, कारण कारखान्यात शून्यापासून बनवता येतं पण ते इतकं महाग पडतं की कोणी त्या भानगडीत पडत नाही.

झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, अँडीज पर्वताच्या ढगाळ दमट उतारांवरचं, म्हणजे इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, कोलंबिया हा पट्टा. पेरूच्या राजचिन्हावर हे झाड आहे. आपल्याकडचा कदंब, कॉफी, बारतोंडी ही सगळी याची भावकी, एकाच कुळातली. पानं समोरासमोर, मोठी, चकचकीत, फुलं गुलाबी-पांढरी नि वासाची, पाकळ्यांच्या कडेला बारीक लव. दिसायला छान झाड आहे पण पैसे सालीचे.

ती साल मी पहिल्यांदा बघितली फार्मसीच्या लॅबमध्ये, काचेच्या बरणीत, दालचिनीसारखी वळलेली पण जाड आणि खडबडीत, बाहेरून करडी, मधे मधे दगडफुलासारखे पांढरट डाग आणि आतून विटकरी. सरांनी सांगितलं होतं की जिभेला लावू नका, म्हणजे आम्ही सगळ्यांनी लावली. तो कडूपणा लगेच येत नाही, एक क्षण वाटतं काहीच नाहीये, मग जिभेच्या मागून जो चढतो तो डबा खाल्ला तरी जात नाही. प्रॅक्टिकलला सालीची भुकटी कोरड्या परीक्षानळीत तापवायची, नळीच्या वरच्या भागात जांभळट-लाल वाफ धरायची. दुसरी टेस्ट क्विनाईनच्या द्रावणाची, त्यात ब्रोमिन वॉटर आणि वरून अमोनिया टाकला की पाचूसारखा हिरवा रंग. आमच्या ग्रुपचा हिरवा कधी आलाच नाही, शेजारच्या टेबलावरून नळी उसनी आणून सरांना दाखवली, आता सांगायला हरकत नाही.

आता मुलाच्या थिअरीकडे येऊ, इथे साधं गणित आहे. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये लिटरला जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनाईन चालतं. मलेरियाला मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस होता ६०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. म्हणजे दिवसाला १८०० मिलिग्रॅम. भागाकार करा, रोज २१-२२ लिटर टॉनिक वॉटर प्यावं लागेल, पाण्याचा मोठा जार असतो ना तो एक अख्खा आणि वर थोडं. मलेरियाच्या आधी साखरेनेच माणूस आडवा व्हायचा. ग्लासात जे असतं ते चवीपुरतं. मच्छरदाणी लावायला सांगा त्याला.

आणि इंग्रज सोल्जर भारतात मलेरिया टाळायला जिन-टॉनिक प्यायचे, ही गोष्ट पार्ट्यांमध्ये फार चालते. त्यांना क्विनाईन दिलं जायचं हे खरं, आणि कडू औषध दारूबरोबर ढकलायची युक्ती तर फारच जुनी. १७व्या शतकात रॉबर्ट टॅल्बर नावाचा एक इंग्रज वैदू होता, तो लोकांना सांगायचा की या सालीपासून सांभाळून राहा आणि स्वतःच्या गुप्त औषधात तीच साल वाइनमध्ये कालवून विकायचा. इंग्लंडच्या राजाला बरं केलं, फ्रान्सच्या राजाने पैसे मोजून फॉर्म्युला विकत घेतला, आणि तो मेल्यावर कळलं की आत काय होतं. क्विनाईन पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये चांगलं विरघळतं, त्यामुळे त्याचं डोकं चालत होतं हे मानावं लागेल. बाटलीतलं टॉनिक मात्र बरंच नंतरचं, लंडनच्या इरॅस्मस बाँडने पेटंट घेतलं ते १८५८ साली, आणि तेव्हाही ते पचनाला बरं, तरतरी आणणारं म्हणून. टॉनिक हे नाव त्यातूनच.

प्रश्न : माझे आजोबा ‘कोयनेल’च्या, म्हणजे क्विनाईनच्या, गोळीची आठवण काढायचे, कानात घंटा वाजायच्या म्हणायचे. पुस्तकात वाचलं की पेरूच्या व्हाइसरॉयची बायको या सालीने बरी झाली म्हणून झाडाला तिचं नाव. खरं आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आजोबांच्या घंटा शंभर टक्के खऱ्या. क्विनाईनचा डोस चढला की कान वाजतात, डोकं दुखतं, मळमळतं, या सगळ्याला मिळून सिंकोनिझम असं नावच आहे. जुने डॉक्टर तर म्हणे कान वाजायला लागले की औषध लागू पडलं असं समजायचे.

व्हाइसरॉयच्या बायकोची, म्हणजे चिंचोनच्या काउंटेसची गोष्ट मात्र सोडून द्या. ती छापून आली १६६३ साली, इटलीतल्या एका डॉक्टरच्या पुस्तकात, घटना म्हणतात त्यानंतर तीसेक वर्षांनी. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७४२ मध्ये झाडाला सिंकोना नाव दिलं ते याच चिंचोनच्या काउंटेसवरून, आणि त्यातही स्पेलिंगमधला एक ‘एच’ खाल्ला, तो आजतागायत परत आलेला नाही. मग २०व्या शतकात कोणीतरी व्हाइसरॉयच्या काळातली दप्तरं नीट तपासली तर कळलं की त्याची पहिली बायको पेरूला पोचायच्या आधीच स्पेनमध्ये वारलेली, आणि दुसरीला या सालीने बरं केल्याची कुठे नोंदच नाही. ती स्पेनला परत जाताना वाटेत कार्ताहेनाला साथीत गेली. म्हणजे जिच्यावर औषधाची जाहिरात झाली ती बाई घरीसुद्धा पोचली नाही.

साल युरोपात नेली ती जेझुइट पाद्र्यांनी, म्हणून तिला जेझुइटांची पूड म्हणायचे आणि प्रॉटेस्टंट लोक त्या नावानेच नाकं मुरडायचे. मला यातलं सगळ्यात खटकतं ते वेगळंच आहे. डोंगरातल्या ज्या माणसांनी पाद्र्यांना साल दाखवली त्यांच्यातल्या एकाचंही नाव झाडाला नाही, आणि जिने बहुतेक कधी चाखलीही नाही तिचं आहे.

जाता जाता, तुमच्या घरी होमिओपॅथीची ‘चायना’ नावाची गोळी असेल तर तिचा चीनशी काही संबंध नाही, ती हीच साल, सालीच्या ‘क्विना’ या नावाचं चायना झालंय. हानेमानने १७९० साली ही साल स्वतःवर घेऊन बघितली आणि तिथून होमिओपॅथीची सगळी कल्पना निघाली. ती कल्पना मला पटत नाही, पण तो वाद या कॉलमात नको, मागच्या वेळी दोन महिने पत्रं येत होती.

प्रश्न : महाबळेश्वरला लिंगमळ्याच्या बाजूला इंग्रजांनी सिंकोना लावला होता असं गाइड म्हणाला. थापा ना? – एक वाचक, वाई

उत्तर : थापा नाहीत हो, बिचाऱ्याला उगाच. सरकारने १९व्या शतकात तिथे लागवड करून बघितली होती, जमली नाही. माझ्या मते कारण उघड आहे, या झाडाला वर्षभर ओलावा लागतो पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, आणि महाबळेश्वरला चार महिने आभाळ फाटतं आणि मग आठ महिने थेंब नाही.

त्यामागचं प्रकरण मोठं आहे. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या दोघांनी सालीतून शुद्ध क्विनाईन वेगळं काढलं आणि मागणी अशी वाढली की अँडीजमधली झाडं भराभर तुटायला लागली. इंग्रजांना भारतातल्या सैन्यासाठी स्वतःचा पुरवठा हवा होता. म्हणून १८६० मध्ये त्यांचा माणूस क्लेमंट्स मार्कहॅम पेरू-बोलिव्हियाच्या बाजूला गेला, तिथले लोक झाड बाहेर जाऊ द्यायला तयार नव्हते, तरी याने रोपं पळवली, काचेच्या पेट्यांत घालून आणली आणि तांबड्या समुद्राच्या उन्हात त्यातली बहुतेक सगळी मेली. जगली ती वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूसने इक्वेडोरहून पाठवलेली लाल सालीची. ती उटीला रुजली, नंतर दार्जिलिंगजवळ मंगपूला. मंगपूला पुढे सरकारी क्विनाईनचा कारखानाही झाला. रवींद्रनाथ टागोर शेवटच्या वर्षांत तिथे जाऊन राहायचे, लेखिका मैत्रेयी देवींकडे, त्यांचे यजमान त्या कारखान्यात होते. बंगालात तर पोस्टात एका पैशाला क्विनाईनची पुडी मिळायची, पोस्टकार्ड घ्या आणि पुडी घ्या.

पण खरा डाव मारला डचांनी. चार्ल्स लेजर नावाच्या व्यापाऱ्याचा बोलिव्हियातला माणूस होता, मानुएल इंक्रा मामानी, तिथलाच आदिवासी, कुठलं झाड चांगलं हे त्याला नजरेने कळायचं. त्याने चार वर्षं थांबून, म्हणजे बहर थंडीने जळत होता म्हणून चांगलं बी धरेपर्यंत थांबून, १८६५ मध्ये बी आणून दिलं. लंडनमध्ये इंग्रज सरकारने ते नको म्हटलं. डचांनी एक पौंडभर घेतलं, जावा बेटात पेरलं, आणि त्या झाडांची साल निघाली बाकीच्यांच्या कितीतरी पट क्विनाईनची. १९३०च्या दशकापर्यंत जगातलं ९० टक्क्यांहून जास्त क्विनाईन जावाचं. मग १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या सैन्यावर औषधाविना तडफडायची वेळ आली, आणि तेव्हापासून कृत्रिम गोळ्यांच्या मागे सगळे हात धुऊन लागले.

मामानीचं काय झालं? पुन्हा बी गोळा करताना पकडला गेला, तुरुंगात मारहाण झाली आणि त्यातच गेला. त्या झाडाचं नाव लेजरियाना.

प्रश्न : मिस्टरांना रात्री पायात गोळे येतात. कोणीतरी सांगितलं की झोपताना ग्लासभर टॉनिक वॉटर घ्या. चालेल का? वय ७१, बीपी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू. – एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : नको. पूर्वी क्विनाईनच्या गोळ्या गोळ्यांवर, म्हणजे पायाच्या गोळ्यांवर, सर्रास द्यायचे. पण काही लोकांमध्ये त्याने प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी) एकदम पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक खात्याने, यासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. ग्लासात मात्रा कमी असते त्यामुळे बहुतेकांना उपयोग शून्य, आणि ज्याला क्विनाईन सोसत नाही त्याला मात्र तेवढ्यानेही अंगावर लाल-जांभळे ठिपके उठल्याची उदाहरणं आहेत. त्यात रक्त पातळ करायची गोळी म्हणजे आगीत तेल. जीसिक्सपीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि हृदयाची औषधं घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबच राहावं. पोटऱ्या ताणायचा व्यायाम झोपायच्या आधी करून बघा आणि डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा, कधी कधी बीपीच्या गोळीमुळेच पाय आखडतात.

प्रश्न : आमच्याकडे सातवीण आहे, तिची सालही तापावर देतात. तोच का हा सिंकोना? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. सातवीण वेगळ्या कुळातली, कण्हेरीच्या. साल कडू आहे, तापावर देत आले आहेत, पण तिच्यात क्विनाईन नाही. कडू म्हणजे मलेरियाचं औषध असं असतं तर कारल्याची भाजी पुरली असती. तुम्हाला नातं जोडायचंच असेल तर दवण्याशी जोडा. आज मलेरियावर जी मुख्य औषधं आहेत ती आर्टेमिसिनिनची, ते निघालं एका चिनी दवण्यातून, आपल्या जोतिबाला वाहतात त्या दवण्याची सख्खी चुलत बहीण. तू यूयू बाईंना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. म्हणून दवणा खाऊन ताप जाईल असं मात्र नाही, ताप आला तर आधी रक्त तपासा.

प्रश्न : मावशी, दादाच्या पार्टीत जांभळ्या लाइटमध्ये एकाच ग्लासातलं पाणी निळं चमकत होतं. का? – इयत्ता सातवी, कोल्हापूर

उत्तर : शाब्बास, मोठ्यांपैकी एकाने हे विचारलं नाही. त्या लाइटमध्ये डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण असतात, क्विनाईन ते गिळतं आणि निळा उजेड बाहेर टाकतं. हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञाला १८४५ मध्ये हे उन्हात दिसलं होतं, लाइट नसतानाही. तूही कर, टॉनिक वॉटरचा ग्लास कडक उन्हात ठेव, मागे काळा कागद धर आणि वरच्या कडेला बारीक निळसर झाक दिसते का बघ. किंवा दुकानदार काकांकडे नोटा तपासायचं मशीन असेल तर त्याच्या लाइटसमोर बाटली धर, काका विचारतील काय करतोस, सांग विज्ञान. आता खरी मजा, त्या चमकणाऱ्या पाण्यात चमचाभर मीठ टाकून ढवळ. चमक मंद होते, मिठातल्या क्लोराइडमुळे. ते पाणी पिऊ मात्र नकोस, खारट आणि कडू एकत्र कसं लागतं ते मी बघितलंय, बेसिनपर्यंत पोचले नव्हते.