फणसावरून पडल्यावर हललेला अंगठा

प्रश्न : माझा दादा (वय ३६) पाच महिन्यांपूर्वी फणस काढताना झाडावरून पडला. डी१० (छातीमागच्या दहाव्या) मणक्याचं ऑपरेशन करून सळ्या घातल्यात. आता उजव्या पायाचा अंगठा हलतो. रात्री दोन्ही पाय आपोआप आखडतात. रोज तासभर तेलाने मालिश करतो. नसा जुळतील का? — एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : अंगठा कुणाच्या हुकमाने हलतो ते आधी बघा. दादांना डोळे मिटायला सांगा, पांघरूण काढा, पायाला हात न लावता पाच वेळा ‘वर’, ‘खाली’ म्हणा. दर वेळी सांगितल्याबरोबर हलला, तर मेंदूचा निरोप दुखापतीच्या जागेतून खाली पोचतोय. चादर लागली की हलत असेल, तर तो मज्जारज्जूच्या खालच्या भागाचा स्वतःचा झटका. रात्रीचं आखडणं त्याच जातीचं.

तुटलेले तंतू सहसा पुन्हा जुळत नाहीत. वाचलेल्यांना मात्र नवे फाटे फुटतात आणि मधल्या चेतापेशींमधून निरोप वळसा घेतो. अनमोडचा रस्ता बंद पडला की गोव्याच्या गाड्या जांबोटी-चोर्ल्याने जातात, तसा. पण ही वाट वाहतुकीनेच रुळते, म्हणून मालिशपेक्षा दादांचा स्वतःचा प्रयत्न मोलाचा. अंगठा आणि घोटा वर ओढायचा, १० वेळा, मिनिटभर विसावा, असे चार-पाच फेरे. हालचाल लहान होऊ लागली की थांबा, दमलेला स्नायू चुकीची सवय लावून घेतो.

चालण्याचा अंदाज अंगठ्यापेक्षा मांडीवरून बांधतात. बसून गुडघा सरळ करता येऊ लागला, की फिजिओथेरपिस्टला विचारून कॉटवरून उठण्याचा सराव सुरू करा : कॉट गुडघ्यापेक्षा चार बोटं उंच, टाचा टेकलेल्या, नाक पायाच्या बोटांपुढे जाईपर्यंत वाकून मग उठायचं. घरचे काखेत हात घालून ओढतात. त्याने खांदा दुखावतो आणि पायांना कामच उरत नाही. बरीचशी सुधारणा पहिल्या सहा-नऊ महिन्यांत दिसते, पुढे संथपणे चालू राहते.

आखडणं अचानक वाढलं, तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, बोटात रुतलेलं नख शोधा. आखडणं कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी नकोच. आणि एकाच पोटरीला सूज किंवा ऊब दिसली, तर मालिश तिथेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.