कॅप्टन कुक यांचे श्रेय किती?

प्रश्न : अठराव्या शतकातील ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक यांनी स्कर्व्ही या क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर उपाय शोधून काढला, असे अनेकदा वाचनात येते. तसे असेल, तर ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस नियमित देण्याचे धोरण कुक यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १७९५ मध्ये का स्वीकारले?

उत्तर : कुक यांनी स्कर्व्हीवर उपाय शोधला नाही, आपल्या जहाजांवर त्यांनी तो रोग बळावू दिला नाही. आपण विचारलेल्या विलंबाचे कारणही बऱ्याच अंशी याच फरकात सापडते.

त्या काळी लांबच्या सफरींत तोफांपेक्षा स्कर्व्ही अधिक बळी घेत असे. जॉर्ज अँसन यांच्या १७४०-४४ च्या मोहिमेत सुमारे १९०० जणांपैकी जवळजवळ १४०० दगावले आणि त्यांत शत्रूच्या हातून मेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. जेम्स लिंड या नौदलाच्या शल्यचिकित्सकाने १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ जहाजावर बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, तेव्हा संत्री व लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. मात्र रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवण्याची शिफारस लिंड यांनीच पुढे केली. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

कुक १७६८ मध्ये ‘एंडेव्हर’ घेऊन निघाले, तेव्हा जहाजावर माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू), आंबवलेला कोबी, सुकवलेल्या सूपच्या वड्या आणि हाच आटवलेला रस असा सारा साठा होता. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते. मदीरा बेटावर ताजे मांस नाकारणाऱ्या दोघांना त्यांनी फटके मारवले. कोबीच्या बाबतीत मात्र त्यांनी युक्ती लढवली. तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायचा आणि खलाशांना हवा तर घ्या म्हणायचे. आठवडा उलटण्याच्या आत त्याचे प्रमाण ठरवून वाटप करण्याची वेळ आली. याशिवाय जहाज नांगरले की रानभाज्या व ताजे अन्न गोळा करायचे, कपडे व निजण्याच्या जागा कोरड्या ठेवायच्या, हा त्यांचा नेम असे. दुसऱ्या सफरीत (१७७२-७५) ‘रिझोल्यूशन’ जहाजावरील ११८ जणांपैकी आजाराने केवळ एकाचा मृत्यू झाला, हे यश निर्विवाद आहे. पहिल्या सफरीचा हिशेब मात्र सहसा अर्धाच सांगितला जातो. बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, मुक्काम पडेपर्यंत आजाराने फारसे कोणी गेले नव्हते, पण तेथील हिवताप व आमांशाने तीसपेक्षा अधिक माणसे त्या मुक्कामात आणि पुढच्या प्रवासात दगावली.

अडचण अशी की, इतके उपाय एकाच वेळी केल्यावर कोणता लागू पडला, हे ठरवणार कसे? कुक यांनी मोठे श्रेय माल्टला दिले, ज्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते; आटवलेला रस महाग पडतो, असेही त्यांनी नोंदवले. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष जॉन प्रिंगल यांच्या मते स्कर्व्ही शरीरातील कुजण्याने होतो व आंबणारे पदार्थ ते रोखतात; या सिद्धान्ताशी माल्टचा मेळ बसत होता आणि १७७६ मध्ये कुक यांना संस्थेचे कोप्ली पदक मिळाल्याने त्यांच्या मताला वजन आले. खेदाची गोष्ट अशी की, खरा पुरावा ‘एंडेव्हर’वरच होता. निसर्ग-अभ्यासक जोसेफ बँक्स यांच्या हिरड्या सुजल्या, तेव्हा त्यांनी ब्रँडी घालून टिकवलेला लिंबाचा रस घेतला आणि त्या थोड्याच दिवसांत बऱ्या झाल्या. एका प्रवाशाच्या रोजनिशीतील ही नोंद धोरण बदलण्यास पुरेशी नव्हती. पुढे गिल्बर्ट ब्लेन यांच्यासारख्या वैद्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा कोठे नौदलाने रस स्वीकारला.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाचा शोध कुक यांनीच लावला का?

उत्तर : नाही. तेथे माणसांची वस्ती हजारो वर्षांपासून होती आणि युरोपीयांमध्येही डच दर्यावर्दी विलेम यान्सझून १६०६ मध्येच त्या किनाऱ्याला लागला होता. कुक यांनी १७७० मध्ये पूर्व किनाऱ्याचा नकाशा तयार केला, आणि नकाशाकार म्हणून त्यांची योग्यता वादातीत आहे. मात्र त्याच वर्षी २२ ऑगस्टला पझेशन बेटावर त्यांनी तो सारा किनारा राजा तिसरा जॉर्ज याच्या नावाने घोषित केला, तेव्हा तेथील रहिवाशांची संमती घेतली नव्हती. वास्तविक अशी संमती घ्यावी, अशी लेखी सूचना त्यांना नौदलाकडून मिळालेली होती. ब्रिटिश येण्यापूर्वी ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, ही पुढे रूढ झालेली कायदेशीर भूमिका ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात फेटाळली.